बिनकटकटीचं मशीन

मेकॅनिकनं मशीनच्या पाठीचा पत्रा काढला, आत हात घालून काहीतरी चाचपलं आणि वाईट बातमी द्यायच्या आधी डॉक्टर पुसतात तसे हात पुसले.

"घरघर लागलीय याला," तो म्हणाला. "पण हाडाचं भक्कम आहे. बेअरिंग बदललं तर अजून काही वर्षं मरत नाही."

नानांचा जीव भांड्यात पडला. पण तिथे तो फार वेळ राहिला नाही, कारण माई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "बेअरिंग बदलाल हो तुम्ही, पण ते रंग फासतं त्याचं काय?"

"रंग?"

"पांढऱ्या कपड्यांना. सूनबाई, आण गं तुझा तो युनिफॉर्म."

सून हॉस्पिटलात नर्स होती. तिनं आतून युनिफॉर्म आणून मेकॅनिकच्या नाकासमोर धरला. एके काळचा तो पांढराशुभ्र कपडा आता लाजल्यासारखा गुलाबी दिसत होता. "वॉर्डातले पेशंट विचारतात, सिस्टर, आज काय विशेष?" ती म्हणाली.

मेकॅनिकनं डोकं खाजवलं. "मशीन कुठून रंग आणणार, ताई? त्याच्या पोटात काय रंगाचं दुकान आहे?"

"नाना म्हणतात, आतला पत्रा सोडतो."

मेकॅनिकनं नानांकडे बघितलं. नानांनी नळाकडे बघितलं. "जुन्या मशीनमध्ये असतो तसा एक पत्रा," ते म्हणाले.

"कसा?"

"असतो."

आता नाना म्हणजे काही ऐरागैरा माणूस नव्हे. उभा जन्म कारखान्यात लेथवर गेलेला. लोखंड त्यांच्या हाताला ओळख दाखवायचं. असा टर्नर माणूस पत्रा रंग सोडतो म्हणतोय म्हटल्यावर मेकॅनिकनं मान डोलावली. "असेल बुवा. मग मोडीतच काढा. जुनं आमच्या दुकानात जमा करा, नव्यावर सवलत देतात." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आणून तो मशीन घेऊनही गेला. न्हाणीघराबाहेरच्या बोळात जमिनीवर एक चौकोनी स्वच्छ तुकडा उरला. मशीनच्या पुढच्या अंगावर, गोल बटणाच्या खाली, मुलानं लहानपणी एक पिवळं बदक चिकटवलं होतं. त्याची चोच केव्हाच झिजून गेली होती. मुलगा आता लांबच्या गाडीवर ड्रायव्हर होता, आज घरी तर उद्या रस्त्यावर. तेही बदक टेम्पोतून गेलं.

नाना त्या चौकोनाशी उभे राहिले आणि स्वतःलाच चार शिव्या दिल्या.

कारण पत्र्यानं रंग सोडला नव्हता. तो लाल मोज्यानं सोडला होता, आणि तो मोजा पांढऱ्या कपड्यांत नानांनी टाकला होता. का टाकला? तर दिसला नाही म्हणून.

नानांच्या डोळ्यांचं असं झालं होतं की सांगायचं तर सांगणाऱ्याचाच गोंधळ उडावा. ते आंधळे नव्हते. रस्त्यानं जायचे, जिना चढायचे, दारात कोण आलं ते कळायचं. कडेचं सगळं दिसायचं. पण ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नेमकं दिसेनासं व्हायचं. कुणी काचेवर मधोमध अंगठा पुसावा तसा एक राखी डाग, आणि तो नजरेबरोबर फिरायचा. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं की घड्याळ गायब, शेजारची खुंटी स्पष्ट. वर्तमानपत्र धरलं की समास दिसे, बातमी नाही. अक्षरं नानांना उशिराच भेटली होती, कारखान्याच्या रात्रीच्या वर्गात, लग्नानंतर. आता ती आल्या पावली निघाली होती.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला कारण होतं त्यांचा थोरला भाऊ. थोरल्याचे हात कापायला लागले तेव्हा घरच्यांनी प्रेमानं म्हटलं, "दादा, तुम्ही बसा." आधी बागेचं पाणी घालणं बंद केलं, मग चहा करणं, मग बाजार. दर वेळी तेच, तुम्ही बसा. माणूस खुर्चीत बसला तो बसलाच. नाना भेटायला गेले की थोरला त्यांना विचारायचा, "बाहेर काय चाललंय रे?" जणू बाहेर म्हणजे दुसरा देश. शेवटी शेवटी तर तो खुर्चीचाच एक भाग झाला होता.

नानांच्या घरात धुणं नानांचं होतं. नोकरी सुटली त्या आठवड्यात ते घरभर असे फिरत होते की माईंनी वैतागून कपड्यांची टोपली त्यांच्या हातात दिली, आणि नानांनी ती परत केली नाही. कॉलरला आधी साबण, खिसे उलटे, शर्ट एका बाजूला, चादरी एका बाजूला. लेथवरचं काम असावं तसं. आणि ते जुनं मशीन त्यांचं मन ओळखून होतं, कारण त्याचं गोल बटण फिरवलं की कट्, कट्, कट् असा आवाज यायचा. साध्या कपड्यांना थोडे कट, टॉवेलना त्याहून जास्त, चादरींना बटण अडेपर्यंत. डोळे मिटूनही चुकायचं नाही. डोळे गेले काय नि राहिले काय, बोटांना ठाऊक होतं. फक्त मोज्यांचं बोटांना कळलं नाही. लाल मोजा हाताला पांढऱ्या मोज्यासारखाच लागतो.

तर आता नवं मशीन घ्यायचं होतं, आणि नानांना एकच गोष्ट हवी होती. बटणाला कट् पाहिजे. बाकी मशीननं कपडे धुवो की गाणी म्हणो.

सुट्टीच्या दिवशी तिघं मेकॅनिकनं सांगितलेल्या त्या दुकानात गेले.

दुकान लांबलचक होतं. दिवे इतके की सावली पडायला जागा नाही. दोन्ही बाजूंना पांढरी मशीनं ओळीनं उभी, काहींचं तोंड आभाळाकडे, काहींचं समोर. समोर तोंडवाल्यांना गोल काचेची दारं होती आणि ती सगळी तोंडाचा आ करून गिऱ्हाइकांकडे बघत होती. टाय लावलेला एक माणूस पुढे आला. हसू त्याच्या तोंडावर इस्त्री करून बसवल्यासारखं होतं.

"या आजी, या आजोबा. मॅडम, या. पुढून भरायचं हवंय की वरून?"

"आजी कुणाची?" माई म्हणाल्या. "माझा नातू अजून व्हायचाय."

"सॉरी मावशी. किती किलोचं बघताय? सात, आठ, दहा?"

माई विचारात पडल्या. "उचलायला हलकं असलेलं बरं."

"माई, मशीनचं वजन नाही," सून म्हणाली. "कपड्यांचं."

"कपड्यांचं? आपल्या घरात सात किलो कपडे आहेत कुणाचे?" मग त्यांना आणखी एक शंका आली. "ओले की कोरडे?"

हा प्रश्न टायवाल्याला आजवर कुणी विचारला नव्हता. "कोरडे... बहुतेक," तो म्हणाला.

"बहुतेक काय? विकता ना तुम्ही?"

मग त्यानं एकेक मशीन दाखवायला सुरुवात केली. हे वाफेचं आहे. "वाफ कशाला? कपडे शिजवायचेत?" माईंचा प्रश्न. हे कपड्यांचं वजन आपण होऊन ओळखतं. हे फोनवरून चालतं, तुम्ही बाहेरगावी असलात तरी सुरू करता येतं. "मी बाहेरगावी असले तर आत कपडे कोण टाकणार?" हे रात्री बाळासारखं झोपतं. हे स्वतःला स्वतः धुतं. सुनेला गरम पाण्याचं हवं होतं, युनिफॉर्मसाठी. माईंना काचेच्या दाराचं आवडलं होतं, कारण आत काय चाललंय ते बघता येईल. टायवाल्याला सगळ्यात महाग ते द्यायचं होतं. तिघांची बोलणी एकमेकांच्या अंगावर पडत होती, आणि मधे नाना, ज्यांना कुणी काही विचारत नव्हतं, एका मशीनकडून दुसऱ्याकडे जात होते.

पहिल्या मशीनला बटणच नव्हतं. गुळगुळीत काच. बोट फिरवलं तर कुठे सुरुवात कुठे शेवट काही लागेना. दुसऱ्यावरही काच. तिसऱ्यावर हात टेकला तर ते टुंई करून ओरडलं आणि नाना दचकून मागे झाले. चौथ्याला गोल बटण होतं. नानांनी आशेनं ते धरलं आणि फिरवलं. ते लोण्यात सुरी फिरावी तसं फिरलं, आणि फिरतच राहिलं. ना अडलं, ना थांबलं, ना बोललं.

"याला कट नाही," नाना म्हणाले.

टायवाला धावत आला. "कट? छे छे आजोबा, नवंकोरं आहे. एक ओरखडा दाखवा."

"तसा कट नाही हो. कट्. आवाजाचा."

"आवाज? अजिबात नाही! चालू आहे की बंद ते हात लावल्याशिवाय कळायचं नाही."

"तेच तर," नाना म्हणाले. "मला कटकट हवीय."

टायवाल्याचं हसू एका बाजूनं सुटलं. "कटकट?"

"हो."

"आमच्या मशीनची कसलीही कटकट नाही, आजोबा. लिहून देतो. एकदम बिनकटकटीचं मशीन!"

"मग नको," असं म्हणून नाना पुढच्या मशीनकडे वळले.

टायवाला जागच्या जागी उभा राहिला. दुकानात आजवर लोक स्वस्त मागायचे, मोठं मागायचे, निळं मागायचे. कटकट मागणारं गिऱ्हाईक पहिलंच. थोड्या वेळानं त्याच्या डोक्यात काहीतरी प्रकाश पडला. तो नानांच्या कानाशी आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, कट म्हणजे तुमचा स्वतःचा... कट हवा असेल तर ते मालकांशी बोला. मी पगारी माणूस."

"कुणाचा कट? कसला कट?" नाना इतक्या मोठ्यानं म्हणाले की माई आणि सून दोघी वळल्या.

"काय झालं?" माई म्हणाल्या.

"यांना कटकट हवीय म्हणतात," टायवाला केविलवाणा होऊन म्हणाला.

माईंनी कमरेवर हात ठेवले. "का हो, घरात आहे ती पुरत नाही?"

सून हसली, टायवालाही सुटल्यासारखा हसला. नाना हसले नाहीत. त्यांची मोठी पंचाईत झाली होती. सगळं उलगडून सांगावं तर एका वाक्याचं काम होतं, पण त्या वाक्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येणार होता. बटणाभोवती एवढं मोठं लिहिलेलं असताना आवाज कशाला हवा? आणि त्या प्रश्नाच्या मागे खुर्ची उभी होती.

"नाना, तुम्हाला नक्की काय हवंय ते सांगा ना," सून जवळ येऊन म्हणाली. नानांनी तिच्या कानाकडे बघितलं. तसं केलं की तिचं तोंड जरा दिसायचं. "आणि हल्ली तुम्ही माझ्या कानाकडे काय बघता हो बोलताना? या कानातल्यात एवढं काय आहे?"

"चांगलं आहे," नाना म्हणाले. "कानातलं."

"नवं नाहीये ते."

"म्हणूनच. टिकलंय."

सुनेला काही कळलं नाही, ती माईंकडे गेली. दोघी पुन्हा काचेच्या दारापाशी वाकून आत बघू लागल्या. टायवाला त्यांना वाफेचं समजावू लागला. नानांनी ओळीच्या टोकाकडे काढता पाय घेतला.

टोकाला दिवे कमी होते. खोकी रचलेली, गुंडाळलेले पाइप, आणि भिंतीशी आणखी काही मशीनं. एकावर पुठ्ठ्यांची चवड होती. नानांचा हात सवयीनं पुढे गेला आणि उजव्या कोपऱ्यात, बटण असायला हवं तिथे, बटणच सापडलं. त्यांनी ते फिरवलं.

कट्.

नाना थांबले. पुन्हा फिरवलं. कट्, कट्, कट्. तोच खणखणीतपणा, तेच मधे किंचित जड होणं, आणि शेवटी अडणं. नानांच्या अंगावर काटा आला. म्हणजे अजून बनवतात! आणि ठेवलंय कुठे तर या कोपऱ्यात, कारण या टायवाल्यांना चांगलं म्हणजे काय ते कळत नाही. ते पुढे वाकले. बरोबर मधोमध राखी डाग पडला होता, त्याच्या कडेनं पांढरा पत्रा दिसत होता आणि वरच्या अंगाला एक कागद चिकटवलेला जाणवत होता. किंमत असणार, गॅरंटी असणार. दुसरं काय लिहितात मशीनवर?

"सापडलं!" नानांनी हाक मारली. "इकडे या! हेच घ्यायचं!"

माई, सून आणि टायवाला तिघं आले. आणि कागद बघून जागीच थबकले.

"अहो," माई म्हणाल्या.

"आता अहो नाही नि काहो नाही. मी सगळं बघितलंय. कंपनी चांगली आहे."

"नाना," सून म्हणाली.

"नवंकोरं आहे. हा कागद वाचला मी. पाच वर्षांची गॅरंटी दिलीय, स्पष्ट लिहिलंय." आणि नानांनी कागदावर बोट ठेवलं.

त्या कागदावर काळ्या शाईच्या जाड अक्षरांत एकच शब्द होता. मोडीत. आणि नानांच्या मनगटाखाली एक पिवळं, चोच नसलेलं बदक होतं.

टायवाल्याला वाटलं आजोबा थट्टा करतायत, म्हणून तो हसला. मग बायकांच्या तोंडाकडे बघून त्यानं हसू गिळलं.

"हे आपलं आहे," माई हळू आवाजात म्हणाल्या.

"आपलंच करायचंय."

"आपलंच आहे हो. परवा नेलेलं. तुमच्या लेकाचं बदक आहे त्याच्यावर."

नानांचा हात कागदावरून खाली सरकला. बोटांना बदकाची कड लागली, उचकटलेली, चोचीच्या जागी थोडी चिकट. काहीतरी बोलायला हवं होतं. थट्टा केली म्हणावं, परीक्षा बघत होतो म्हणावं. पण आयुष्यभर खोटं न बोललेल्या माणसाला पत्र्याचं आणि गॅरंटीचं खोटं कसंबसं जमलं होतं, तिसरं जमेना.

सुनेनं हॉस्पिटलात करतात तसं त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "नाना, माझ्या डोळ्यांत बघा. सरळ. मी दिसते?"

"दिसतेस की."

"माझं नाक दिसतं?"

नानांनी डोळे बारीक केले.

"आता कानाकडे बघा. आता?"

"आता दिसतं."

"केव्हापासून?"

"झाले काही महिने."

"आणि माझा युनिफॉर्म?"

"मोजा होता," नाना म्हणाले. "पत्रा नव्हता."

टायवाल्याला यातलं अवाक्षर कळलं नव्हतं. मोजा काय, पत्रा काय, कानातलं काय. पण आजोबांचा चेहरा उतरलाय एवढं दिसत होतं. तो मनाचा वाईट नव्हता. त्यानं मागून एक स्टूल ओढलं आणि आदरानं म्हणाला, "आजोबा, तुम्ही बसा."

"नाही बसणार!"

सगळं दुकान वळलं. वाफेच्या मशीनपाशी उभं असलेलं एक जोडपं बघायला लागलं. नाना मात्र बोलतच राहिले. "एकदा बसलो की मला कुणी उठवणार नाही. दादाला बसवलं तसं बसवाल. धुणं घ्याल, मग रस्ता घ्याल, मग मी विचारत बसेन, बाहेर काय चाललंय. डोळ्यांना दिसत नाही तर नाही, पण हात आहेत ना? या हातांना दिसतंय ना? मी नाही बसणार!"

टायवाला स्टूल घेऊन तसाच उभा. ठेवावं की उचलावं, त्याला कळेना.

माई मात्र भलतंच काही बोलल्या. "म्हणजे तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात ते यामुळे?"

"कधी?"

"कधी काय, रोज. मी समोर बसले की तुम्ही खिडकीकडे. मी काही विचारलं की भिंतीकडे. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. मी आठवून आठवून दमले, काय चुकलं, काय बोलले मी." त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला, कारण राग जास्त होता. "अहो, भिंतीकडे बघत होतात ते मला बघायला?"

"भिंतीकडे बघितलं की तू दिसतेस," नाना म्हणाले. "तुझ्याकडे बघितलं की नाही दिसत."

हे ऐकून टायवाल्यानं स्टूल खाली ठेवलं आणि स्वतःच त्यावर बसला.

तेवढ्यात आवाज ऐकून मेकॅनिक मागच्या खोलीतून आला. सगळं कानावर गेल्यावर त्यानं मान हलवली. "अहो मग हेच परत न्या म्हणालो असतो मी. पण याची मोटर कालच काढून दुसऱ्याला बसवली. आता नुसतं खोकं आहे. पत्रा रंग सोडतो, तुम्हीच म्हणालात ना?"

नानांनी शेवटचं एकदा बटण फिरवलं. कट्, कट्, कट्. आत काही नसतानाही ते इमानानं वाजत होतं. त्यांनी हात काढून घेतला.

"मग आता?" माई म्हणाल्या.

मग सून तरातरा ओळीत परत गेली, त्या गरम पाण्याच्या आणि काचेच्या दाराच्या मशीनपाशी, आणि पर्स उघडून तिनं चिकटपट्टीचा रोल काढला, जखमेवर पट्टी बसवायला नर्स लोक वापरतात तो. दातानं तुकडे तोडून ती गुळगुळीत काचेवर चिकटवू लागली.

"मॅडम, मॅडम, काचेवर नको, शोरूमचं आहे!" टायवाला उठला.

"हेच घेणार आहोत. तुम्ही फक्त सांगा, साधे कपडे कुठे?"

"इथे बोट लावायचं. पण मॅडम..."

"चादरी?"

"त्याच्या शेजारी. आणि सुरू करायचं ते उजवीकडे."

साध्या कपड्यांना एक पट्टी, चादरींना दोन, सुरू करायच्या जागी दुमडून जाड केलेला गोळा. "नाना, या," ती म्हणाली. "बघा." बघा म्हणाली आणि तिची तिला चूक कळली. पण नाना आलेच होते. त्यांनी काचेवर बोटं फिरवली, उलटी, मग सुलटी. कपाळाला आठ्या घातल्या. लेथवर नवा माल आला की घालायचे तशा.

"ही दुसरी पट्टी तिरकी लागलीय," ते म्हणाले.

"घरी सरळ करू."

"मीच करीन."

"करा. आणि माझे युनिफॉर्म मी पिशवीत बांधून ठेवीन, ती पिशवी सोडायचीच नाही, तशीच आत. आणि उद्या माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे यायचं. काही करता येईल का, किती राहील, हे ते सांगतील. मी आत्ता काही सांगत नाही. पण नाही म्हणायचं नाही."

"येतो," नाना म्हणाले. "पण धुणं माझंच."

सुनेनं माईंकडे बघितलं. माईंनी नाक ओढलं. "माझ्यावर कशाला टाकताय? मला वाफ कुठे आणि किलो कुठे काही कळलेलं नाही. तुमचंच तुम्ही करा."

नानांचा श्वास मोकळा झाला. तरी त्यांचं बोट काचेवर घुटमळतच होतं. "सगळं खरं, पण हे मुकं आहे गं. लागलं की नाही लागलं, कळायचं कसं? कटकट नाही याला."

"ती मी करीन," माई म्हणाल्या.

मशीन घरी आलं ते त्या चौकोनापेक्षा जरा रुंद निघालं. बोळातून जाताना आता सगळ्यांना अंग चोरावं लागायचं. पहिल्या दिवशी नानांनी टोपली आणली, खिसे उलटे केले, बांधलेली पिशवी तशीच आत ठेवली, दार दाबलं, एक पट्टी शोधली, गोळा शोधला, दाबला. आणि उभे राहिले.

काही नाही. ना धडधड, ना घरघर. जुनं तर सुरू झालं की घरभर चालत जायचं. नानांनी काचेच्या दाराकडे सरळ बघितलं, तिथे डाग. भिंतीकडे बघितलं तर दाराच्या आत काहीतरी हलल्यासारखं वाटलं, पण ते आपलंच प्रतिबिंब असेल अशी शंका आली. हात ठेवला, थरथर हाताची की मशीनची ते ठरेना. पुन्हा दाबावं तर बंद पडेल. न दाबावं तर दिवसभर असेच उभे.

"अगं," त्यांनी हाक मारली. "लागलं का हे?"

माई आल्या, वाकल्या, काचेतून आत बघितलं.

"लागलंय," त्या म्हणाल्या. "आणि तुमचा तो चेक्सचा शर्ट यात कशाला टाकलात? कालच तर घातला होता. साबण किती घातलात, फेस बघा केवढा! आणि मोजा एकच दिसतोय, दुसरा कुठे गेला? दोन्ही एकदम काढायला काय होतं माणसाला? टॉवेल तर..."

नाना भिंतीला पाठ लावून उभे राहिले, समोरच्या खिडकीकडे नजर लावून, म्हणजे माई नीट दिसत होत्या. त्यांची कटकट चांगली लागली होती, एका लयीत, मधे किंचित जड होत.